ताटातली झिंग : भूछत्रे, बुरशी आणि हरकाचा माज

माणसाने ठरवून केलेल्या नशेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सोम, सुरा, भांग, अफू यांचा इतिहास धर्मग्रंथांपासून अबकारी खात्याच्या दप्तरांपर्यंत सर्वत्र आढळतो. न मागता, न कळता, केवळ पोट भरण्यासाठी घेतलेल्या घासातून चढलेल्या नशेच्या नोंदी मात्र विखुरलेल्या आहेत, कारण त्या वैद्यांनी, कथाकारांनी, शेतकी संशोधकांनी आणि धर्मचिंतकांनी आपापल्या वेगळ्या कामासाठी करून ठेवल्या. त्या एकत्र मांडल्या म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, या अनपेक्षित झिंगेच्या मुळाशी बहुतेक वेळा कवक वर्गातला, म्हणजे हरितद्रव्य नसलेला आणि कुजणाऱ्या किंवा जिवंत पदार्थांवर जगणारा, एखादा जीव असतो. मग तो छत्रीच्या आकाराने जमिनीवर उभा राहो किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशीच्या रूपाने दाण्यात लपून राहो. दुसरी अशी की, जगाच्या काही भागांत ही झिंग रानातून खुडून आणलेल्या भूछत्रातून आली, तर भारतात, आणि विशेषतः सह्याद्रीपासून कावेरीपर्यंतच्या प्रदेशात, ती गरिबाच्या रोजच्या धान्यातून आली. त्यामुळे इथे तिच्याभोवती देवळे उभी राहिली नाहीत. तिला उतरवण्याची आणि टाळण्याची स्वयंपाकघरातील रीत तयार झाली.

लंडनमधील न्याहारी आणि क्योटोचे डोंगर

भूछत्रांनी नकळत चढलेल्या नशेची युरोपातील सर्वांत तपशीलवार जुनी नोंद १७९९ सालची आहे. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला लंडनमधील एका गरीब गृहस्थाने ग्रीन पार्क या सार्वजनिक बागेत उगवलेली लहान भूछत्रे गोळा केली आणि सकाळी त्यांचे कालवण करून बायकोमुलांसह खाल्ले. तासाभरात त्याच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके आणि रंगांच्या लकेरी येऊ लागल्या, पाय लटपटू लागले आणि आपण आता मरणार या भीतीने घर भरून गेले; आठ वर्षांचा मुलगा मात्र खो खो हसत सुटला आणि आईबापांनी दटावूनही त्याचे हसू आवरेना. एव्हरार्ड ब्रँड या डॉक्टराने त्यांना ओकारीची औषधे देऊन बरे केले आणि सारा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात छापला. पुढे जेम्स सॉवरबी या चित्रकार-निसर्गशास्त्रज्ञाने इंग्लंडच्या भूछत्रांवरील आपल्या सचित्र ग्रंथात त्या भूछत्राचे चित्र दिले. टोकदार टोपीचे हे भूछत्र आज ‘सायलोसायबी सेमिलान्सिआटा’ या नावाने ओळखले जाते आणि त्यात सायलोसायबिन हे भ्रामक द्रव्य असते, हे कळायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

जपानमध्ये हाच अनुभव विनोदी कथेच्या रूपाने टिकला. बाराव्या शतकातील ‘कोंजाकू मोनोगातारी’ या कथासंग्रहात क्योटोच्या उत्तरेकडील डोंगरांत वाट चुकलेल्या भिक्षुणींची गोष्ट आहे. भुकेल्या भिक्षुणी रानातील भूछत्रे भाजून खातात आणि नाचत-हसत डोंगर उतरू लागतात. वाटेत भेटलेले लाकूडतोडे आधी घाबरतात, मग उरलेली भूछत्रे स्वतः खातात आणि तेही त्यांच्याबरोबर नाचू लागतात. या कथेत कोणाला शासन होत नाही आणि कोणी साक्षात्कारही सांगत नाही. झिंग उतरली की सगळे आपापल्या वाटेने घरी जातात. चीनच्या युन्नान प्रांतात आजही पावसाळ्यात कच्ची राहिलेली काही रानभूछत्रे खाण्यात आल्यावर लोकांना घरभर बोटभर उंचीची माणसे फिरताना दिसतात, आणि तिथल्या डॉक्टरांना ही तक्रार इतकी परिचित आहे की ती ऐकून त्यांना नवल वाटत नाही.

मेक्सिकोतील विधी आणि पुण्यातील सोम

अपघाताला विधीचे रूप देणारी सर्वांत प्रसिद्ध परंपरा मेक्सिकोतील आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरू बर्नार्दिनो दे साहागुन याने अझ्टेक लोकांच्या ‘तेओनानाकात्ल’ या भूछत्राचे वर्णन केले. मेजवानीत ते मधाबरोबर खाल्ले जाई आणि खाणाऱ्यांपैकी काही नाचत, काही रडत, काहींना स्वतःचे मरण दिसे. ख्रिस्ती सत्तेने ही प्रथा दडपली, पण ती डोंगरातील खेड्यांत टिकून राहिली. १९५५ साली गॉर्डन वॉसन या न्यूयॉर्कच्या बँक अधिकाऱ्याने वाहाका प्रांतातील मारिया साबिना या उपचारक स्त्रीच्या घरी हा विधी अनुभवला आणि १९५७ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याची हकिकत प्रसिद्ध केली. पाठोपाठ आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९५८ साली त्या भूछत्रांतून सायलोसायबिन वेगळे काढले. प्रसिद्धीची किंमत मारिया साबिनाला मोजावी लागली. परक्यांच्या झुंडी गावात येऊ लागल्या, गावकरी तिच्यावर उलटले आणि तिचे घर जाळले गेले.

याच वॉसनने १९६८ साली भारताशी थेट संबंध असलेला सिद्धान्त मांडला. ऋग्वेदातील सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेले ‘अमानिटा मस्कारिया’ हे भूछत्र होय, असे त्याचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्याने सैबेरियातील कोर्याक आदी जमातींच्या प्रथांचा आधार घेतला. जॉन ब्रफ या संस्कृत पंडिताने त्यावर कडक टीका केली. हॅरी फाल्क यांच्यासारख्या अभ्यासकांनी सोम म्हणजे एफेड्रा ही उत्तेजक वनस्पती असल्याची बाजू घेतली, आणि पारशी समाजाच्या धर्मविधीत ‘होम’ म्हणून आजही एफेड्राच्या काड्या वापरल्या जातात. या वादाच्या शंभर वर्षे आधी पुण्यात एक साधा प्रयोग होऊन गेला होता. पूना कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या मार्टिन हाउग या जर्मन पंडिताने दक्षिणेतील याज्ञिक वापरत असलेल्या सोमवल्लीचा रस स्वतः चाखला आणि १८६३ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आवृत्तीत त्याचा अनुभव नोंदवला. रस पांढरट, कडू आणि तुरट होता, काहीशी धुंदी आणणारा होता, पण काही चमच्यांपलीकडे तो घशाखाली उतरेना. वेदकाळी सोम कोणताही असो, एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या यज्ञमंडपात भूछत्राला जागा नव्हती, एवढे या नोंदीवरून स्पष्ट होते.

अळंबी आणि कुत्र्याची छत्री

भूछत्रांकडे पाहण्याची भारतीय शास्त्रग्रंथांची दृष्टी व्यवहारी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूछत्रांचे वर्गीकरण ती कशावर उगवतात त्यावरून केले आहे : पेंढ्यावर, उसाच्या चिपाडावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर उगवणारी असे पाच प्रकार आणि प्रत्येकाचे पचनावर होणारे परिणाम तिथे सांगितले आहेत, झिंगेचा विषय त्यात येत नाही. मनुस्मृतीने द्विजांसाठी भूछत्र निषिद्ध ठरवले आणि त्याला लसूण-कांद्याच्या पंक्तीला बसवले. शास्त्राने निषेध केला तरी रानालगतच्या लोकांनी भूछत्र सोडले नाही. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरींनंतर वारुळांवर उगवणारी अळंबी हा आजही चवीने खाल्ला जाणारा आणि बाजारात चढ्या भावाने विकला जाणारा पदार्थ आहे. या अळंब्यांचे आणि वाळवीचे नाते अन्नदात्याचे आहे. वाळवी वारुळात या कवकाची जोपासना करते आणि त्याच्यावर जगते, म्हणून ही अळंबी जागा बदलत नाही आणि जाणकाराला दरवर्षी त्याच वारुळापाशी सापडते. याउलट उकिरड्यावर, शेणावर, कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या साऱ्या अनोळखी भूछत्रांना मराठीत ‘कुत्र्याची छत्री’ या एकाच तुच्छतादर्शक नावाखाली ढकलले गेले. हे ढोबळ वर्गीकरण शास्त्रीय नव्हते, पण मुलाबाळांचे प्राण वाचवण्यास पुरेसे होते, आणि शेणावर उगवणाऱ्या काही जातींत सायलोसायबिनही असते.

दक्षिणेत या भूछत्रांना गेल्या काही दशकांत वेगळेच गिऱ्हाईक लाभले. तमिळनाडूतील कोडाईकनालच्या कुरणांत उगवणारी भ्रामक भूछत्रे पर्यटकांच्या तोंडी झाली आणि पोलिसांच्या कारवाईचाही विषय बनली. सायलोसायबिन हे द्रव्य १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. मात्र ते ज्यात नैसर्गिकरीत्या असते त्या भूछत्राचे अख्खे वजन अमली पदार्थाचे धरायचे की नाही, हा प्रश्न न्यायालयांपुढे येत राहिला आहे. ही नशा मात्र हेतुपुरस्सर आहे आणि तिचा इथल्या जुन्या परंपरेशी धागा जुळत नाही. इथली खरी जुनी परंपरा शोधायची तर कुरणाऐवजी खळ्यावर जावे लागते.

हरकाचा माज

हरीक हे ज्वारी-बाजरीपेक्षा बारीक, तांबूस-तपकिरी टरफलाचे भरडधान्य होय. हिंदीत त्याला कोदो, संस्कृतात कोद्रव आणि तमिळमध्ये वरगू म्हणतात. कोकणात डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, म्हणजे जिथे भात होत नाही अशा हलक्या मुरमाड जमिनीत, नाचणी आणि वरीशी आलटून-पालटून ते पेरले जाई. कमी पावसात तग धरणारे आणि वर्षानुवर्षे कणगीत न किडता टिकणारे हे पीक दुष्काळातला मोठा आधार होते. मात्र त्याच्या एका दोषाची ख्याती गुणांपेक्षा मोठी होती. काही वेळा हरकाचा भात किंवा भाकरी खाल्ल्यावर थोड्याच वेळात माणसाला भोवळ येई, जीभ जड होई, हातपाय थरथरत, ओकाऱ्या होत आणि शेवटी तो गुंगीत पडून राही. दिवसा-दोन दिवसांत बहुधा तो सावरे. जनावरांनी कणसे खाल्ली तर त्यांचीही तीच गत होई. कोकणातले शेतकरी ‘गोडा हरीक’ आणि ‘माजरा हरीक’ असा भेद करीत, पण पेरताना दोन्हींचे बी एकच असे. जॉर्ज वॉट यांच्या १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय वनस्पती-उत्पादनांच्या कोशातही या मादक गुणाची चर्चा आहे, आणि केळीच्या खुंटाचा रस, पेरू किंवा पारिजातकाची पाने हे उतारे लोक वापरतात अशा नोंदी त्या काळात झाल्या.

एकाच शेतातला हरीक एका वर्षी निर्धोक आणि दुसऱ्या वर्षी मादक का ठरतो, या कोड्याचे उत्तर १९८५ साली मिळाले. लखनौच्या संशोधकांनी विषारी हरकाच्या नमुन्यांत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे द्रव्य शोधून काढले आणि ते दाण्यावर वाढणाऱ्या अॅस्परजिलस कुळातील दोन बुरशी तयार करतात हे दाखवले. दोष बियाण्यात नव्हता, ओलीत होता : कापणीच्या वेळी पाऊस पडला, कणसे ओली राहिली किंवा मळणी लांबली की टरफलाखाली बुरशी वाढते आणि गोडा हरीक माजरा होतो. हे आम्ल पेशींच्या आतील कॅल्शियमचा पंप बंद पाडते. स्नायू आकुंचन पावला की त्यातील कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घेणे हे या पंपाचे काम असते. ते थांबले की स्नायूंवरचा ताबा सुटतो, थरथर येते आणि मज्जासंस्थेचे कामही विस्कळीत होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात एक लक्षणीय साम्य दडलेले आहे. ट्रिप्टोफॅन हे अन्नातील प्रथिनांचा घटक असलेले अमिनो आम्ल असून मेंदूतील सेरोटोनिन हे संदेशवाहक द्रव्य त्यापासूनच बनते. मेक्सिकोच्या भूछत्रातील सायलोसायबिन, हरकावरील सायक्लोपियाझोनिक आम्ल आणि पुढे ज्याचा उल्लेख येईल ते अरगटमधील विष ही तिन्ही कवकांनी याच ट्रिप्टोफॅनपासून घडवलेली आहेत. कच्चा माल एक असला तरी परिणाम निरनिराळे होतात : सायलोसायबिन सेरोटोनिनचे सोंग घेऊन मेंदूत रंग आणि आकार उभे करते, तर हरकाचे विष माणसाला कोणतेही दृश्य न दाखवता आडवे पाडते.

धुतलेला कोद्रव

हरकाच्या या गुणाची सर्वांत जुनी आणि सर्वांत नेमकी वर्णने वैद्यकाइतकीच जैन तत्त्वज्ञानातही सापडतात. जैन कर्मसिद्धान्तात जीवाला सत्य दिसू न देणाऱ्या कर्माला दर्शनमोहनीय म्हणतात आणि त्याच्या तीन अवस्था मानतात : पूर्ण भ्रम, अर्धा भ्रम आणि जवळजवळ निवळलेली दृष्टी. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या पूज्यपाद या दिगंबर आचार्यांनी तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धि’ या टीकेत मधली अवस्था समजावताना कोद्रवाचा दृष्टान्त दिला आहे. विशिष्ट प्रकारे धुतल्यामुळे ज्याची मादक शक्ती काही प्रमाणात गेली आहे आणि काही उरली आहे अशा कोद्रवासारखी ती अवस्था असते, असे ते सांगतात. दृष्टान्त ऐकणाऱ्याला परिचित असल्याशिवाय देता येत नाही. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी दक्षिणेतील श्रोत्यांना कोद्रव माजवतो, धुतल्याने त्याचा माज उतरतो आणि अपुरे धुतल्यास थोडा राहतो, हे तिन्ही अनुभव घरोघर ठाऊक होते.

दहाव्या शतकात नेमिचंद्र या आचार्यांनी ‘गोम्मटसार’ या प्राकृत ग्रंथात हाच दृष्टान्त वेगळ्या अंगाने वापरला. त्यांच्या वर्णनात कोद्रव जात्यातून भरडला जातो आणि त्याचे तीन भाग होतात, तसेच मिथ्यात्वाचे तीन भाग होतात. नेमिचंद्र हे चामुंडरायाचे गुरू होते, आणि ज्याने श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची प्रचंड मूर्ती घडवली तो चामुंडराय मूर्तीच्या पायाशी असलेल्या मराठी शिलालेखामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. दोन्ही आचार्यांना आत्म्याच्या शुद्धीविषयी बोलायचे होते, परंतु त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरातील दोन कृती, धुणे आणि भरडणे, बारकाव्यानिशी नोंदवून ठेवल्या. या कृतींमागचा कार्यकारणभाव आता प्रयोगशाळेतही पटतो : बुरशीचा भार मुख्यतः टरफलावर आणि त्याच्या लगतच्या थरात असतो, म्हणून टरफल काढल्याने आणि पाणी बदलून धुतल्याने विषाचे प्रमाण घटते, मात्र ते पूर्ण नाहीसे होईलच असे नाही.

ओरत्तनाडूचे छत्र आणि कालव्याचे पाणी

लंडनच्या त्या कुटुंबाने बागेतील भूछत्रे शिजवली त्याच्या आदल्या वर्षी, १७९८ मध्ये, तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी भोसले आले. तंजावरच्या मराठी राज्यात रामेश्वराच्या यात्रामार्गावर छत्रे, म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्रे, उभारण्याची परंपरा होती आणि सरफोजींनी तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडू येथे आपली प्रिय सहचरी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ १८०२ साली भव्य छत्र बांधले. छत्रांचे काम काय असते हे सरफोजींनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना लिहिलेल्या पत्रातून कळते. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत सर्व वाटसरूंना तिथे शिजवलेला भात मिळे. शिजवलेले नको असणाऱ्याला कोरडा शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले असल्यास बोलावले जाई. आणि शिक्षकांबरोबरच रोग, सूज व सरपटणाऱ्या प्राण्यांचे विष यांवर उपचार करणारे वैद्यही तिथे नेमलेले असत. अन्न देणे आणि अंगात गेलेले विष उतरवणे ही दोन्ही कामे एकाच छताखाली असावीत, ही त्या व्यवस्थेतील सूज्ञ दृष्टी होती. तंजावरच्या राजवाड्यातील धन्वंतरी महालात सरफोजींनी आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या चारही पद्धतींचे वैद्यक एकत्र आणले. तिथे अजमावलेली औषधे तमिळ पद्यात बांधली गेली आणि ते संग्रह ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने छापले.

ओरत्तनाडूच्या भूगोलात या विषयाचा आणखी एक दुवा आहे. तंजावर म्हणजे भाताचे कोठार असे म्हटले जाते ते कावेरीच्या जुन्या त्रिभुज प्रदेशाला उद्देशून. ओरत्तनाडू आणि त्याच्या दक्षिणेचा पट्टुकोट्टैचा भाग त्या पाटपाण्याच्या बाहेर, उंचवट्यावर होता, आणि अशा पावसावर आणि तळ्यांवर अवलंबून असलेल्या जमिनीत वरगू, म्हणजे आपला हरीक, आणि नाचणी यांसारखी धान्ये घेतली जात. १९३४ साली मेट्टूर धरण पूर्ण झाले आणि त्याच योजनेतील कल्लणै कालव्याने या भागाला कावेरीचे पाणी मिळाले. भाताने वरगूची जागा घेतली आणि वरगूबरोबर त्याच्या माजाची भीतीही मागे पडली. तमिळ परंपरेत वरगूला आजही एक मानाचे स्थान उरले आहे : मंदिराच्या गोपुरावरील कलशांत हे धान्य भरले जाते आणि बारा वर्षांनी होणाऱ्या कुंभाभिषेकाच्या वेळी ते बदलले जाते. दीर्घकाळ न किडणारे बियाणे उंचावर जपून ठेवण्याची ही युक्ती आहे, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

कालव्याचे पाणी येण्याच्या आदल्याच वर्षी तमिळ प्रदेशात वरगूने मोठा घात केला होता. १९३३ च्या डिसेंबरमध्ये पश्चिम घाटातील वन्नातिपारै राखीव जंगलालगतच्या शेतात वरगू खाल्लेले चौदा हत्ती मेले, आणि आर. सी. मॉरिस यांनी त्याची हकिकत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिली. बुरशीचा संबंध तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. नव्वद वर्षांनी, २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस, मध्य प्रदेशातील बांधवगड व्याघ्र प्रकल्पात तेरांच्या कळपातील दहा हत्ती पाठोपाठ मेले तेव्हा विषप्रयोगाचा संशय व्यक्त झाला. परंतु बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या तपासणीत हत्तींच्या शरीरात सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडले आणि त्यांनी मोठ्या प्रमाणावर बुरशीग्रस्त कोदो खाल्ल्याचे निष्पन्न झाले. माणूस मूठभर धान्य धुऊन, भरडून खातो. हत्ती उभे पीक टरफलासह पोटात घालतो, आणि त्यामुळे माणसाला गुंगी आणणारे विष त्याचा जीव घेते.

बाजरीचे खडे आणि मिठाचे पाणी

महाराष्ट्राच्या देशावरील बाजरीलाही याच घराण्यातल्या रोगाने गाठले. अरगट या रोगात बाजरी फुलोऱ्यात असताना बुरशी कणसातील फुलांत शिरते; काही दिवसांत कणसावर मधासारखे चिकट, गुलाबीसर थेंब दिसू लागतात आणि मग दाण्याच्या जागी काळपट, कठीण खडा तयार होतो. युरोपात राय या धान्यावरील अरगटने मध्ययुगात हातापायांची बोटे काळी पडून गळण्याचा भयंकर रोग पसरवला, आणि त्याच अरगटच्या रसायनांवर काम करताना १९४३ साली हॉफमनच्या शरीरात नकळत गेलेल्या अंशातून एलएसडीचा भ्रामक गुण उघड झाला. बाजरीवरील अरगट वेगळ्या जातीचा असून त्यातील विषाने बोटे गळत नाहीत. १९५६–५७ च्या सुमारास तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाण्यात आल्याने विषबाधेची साथ आली, आणि १९७५ साली राजस्थानातही तसाच प्रकार घडला. मळमळ, वारंवार ओकाऱ्या, चक्कर आणि नंतर दीर्घ काळ न उतरणारी झोप ही तिची लक्षणे होती.

यावरचा उपाय इतका साधा आहे की महाराष्ट्रातील शेतीविषयक पुस्तिकांत तो दरवर्षी छापला जातो. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचे बी ओततात आणि ढवळतात. अरगटचे खडे आणि पोचट दाणे भरीव दाण्यापेक्षा हलके असल्यामुळे मिठाच्या जड पाण्यावर तरंगतात, तर निरोगी दाणे तळाशी बसतात. वरचा तवंग काढून जाळून टाकतात, तळचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुतात आणि सावलीत वाळवून पेरतात. पूज्यपादांच्या काळातील कोद्रव धुण्याची रीत आणि विसाव्या शतकातील मिठाच्या द्रावणाची रीत यांच्यामागे एकच दृष्टी आहे : धान्य टाकून देणे परवडत नाही, म्हणून विष आणि अन्न एकमेकांपासून वेगळे करायचे.

परत आलेले धान्य

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि भारत सरकारने या धान्यांना ‘श्री अन्न’ असे नाव दिले. ज्या घरांत तीन पिढ्या हरीक शिजला नव्हता तिथे तो आता मधुमेहावरचा पथ्याचा भात म्हणून पाकिटातून येऊ लागला आहे, आणि तमिळनाडूतील बाजारात वरगूचा पोंगल आणि इडली पुन्हा मिळू लागली आहे. ही गोष्ट स्वागतार्ह असली तरी एक धोका तिच्यासोबत येतो. धान्य परत आले, पण ते हाताळणारी पिढी मात्र गेली. नवा हरीक लगेच न खाता जुना होऊ द्यावा, कापणी पावसात सापडली तर त्या रासीला संशयाने पाहावे, टरफल पुरते काढावे, पाणी बदलून धुवावे, हे नियम कोणत्याही पुस्तकात नव्हते; ते सासूकडून सुनेकडे आणि शेतकऱ्याकडून त्याच्या मुलाकडे जात होते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ सप्टेंबर २०२३ पासून पंधरा भरडधान्यांसाठी ओलावा, किडके दाणे, बाहेरची भेसळ आदींच्या मर्यादा लागू केल्या आहेत आणि त्यांतील ओलाव्याची मर्यादा हरकाच्या बाबतीत सर्वांत मोलाची आहे, कारण कोरड्या दाण्यात बुरशी वाढत नाही.

भूछत्राच्या नशेला मेक्सिकोने देवत्व दिले, जपानने तिच्यावर गोष्ट रचली आणि इंग्लंडने रोगनिदानाची टिपणे केली. भारताने, दाण्यातून येणाऱ्या झिंगेसाठी, चाळणी, जाते आणि धुण्याचे पाणी वापरले. सरकारी खरेदीकेंद्रे आणि धान्य विकत घेणारे कारखाने यांनी आता तेच काम यंत्रांनी करायचे आहे : शेतकऱ्याला खळ्यावर धान्य वाळवण्याची सोय द्यायची, ओल्या रासी वेगळ्या ठेवायच्या आणि दर हंगामात नमुने तपासायचे. तसे झाले तर हरकाच्या भाताबरोबर माजाची भीती पाकिटातून घरी येणार नाही, आणि त्यापुढे घरातील धुण्याचे काम फक्त खबरदारीपुरते उरेल.